सौदागरांचे सूर : नरिमन पॉइंटच्या टोकावरील एक सभागृह

मुंबईच्या हिरेव्यापारात 'ऑपेरा हाऊस' हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे उभी राहते ती पंचरत्न इमारत, तिच्या पायथ्याशी जमणारी दलालांची गर्दी, कागदी पुडीतून तळहातावर ओतलेले खडे आणि त्यांचे पाणी पारखण्यासाठी उजेडाकडे वळलेली भिंगे. २०१० साली वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स सुरू झाले आणि बाजाराचा मोठा भाग तिकडे सरकला. तरीही जुन्या घराण्यांच्या बोलण्यात 'ऑपेरा हाऊसला जातो' याचा अर्थ 'बाजारात जातो' असाच होतो. ज्या वास्तूमुळे हे नाव पडले ती रॉयल ऑपेरा हाऊसची इमारत चर्नी रोड स्थानकापासून जवळच आहे. बांधकाम पुरे झालेले नसतानाच १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. युरोपातील संगीतिका मुंबईत व्हाव्यात या हेतूने ती बांधली गेली; पण पुढे तेथे बालगंधर्वांचे सूर घुमले, पृथ्वीराज कपूरांची नाटके झाली, चित्रपट लागले आणि १९९३ साली दारे बंद झाली. गोंडलच्या राजघराण्याकडे १९५२ साली आलेली ही वास्तू डागडुजीनंतर २०१६ साली पुन्हा उघडली. मधल्या तेवीस वर्षांत संगीताच्या घराचे नाव घेऊन रोज मोठमोठे सौदे होत राहिले, आणि घराला मात्र कुलूप होते.

आज ते घर पुन्हा नांदते झाले आहे. परंतु त्याच्या रंगमंचाचा आणि सहाशेच्या आतील आसनांचा आवाका मर्यादित आहे. ऐंशी-नव्वद वादकांचा संपूर्ण पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकायचा, तर मरीन ड्राइव्हच्या कडेने चार-एक किलोमीटर दक्षिणेला जावे लागते. समुद्राच्या उजव्या अंगाने गाडी धावत राहते, कार्यालयांच्या उंच इमारती मागे पडतात आणि जेथे रस्ता संपून नुसते पाणी उरते, तेथे भराव घातलेल्या जमिनीवर नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एनसीपीए, उभे आहे.

या केंद्राची स्थापना १९६९ साली जे. आर. डी. टाटा आणि डॉ. जमशेद भाभा यांनी केली. अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांचे हे धाकटे बंधू. येथील टाटा थिएटर १९८० साली खुले झाले. त्याचा आराखडा अमेरिकन वास्तुविशारद फिलिप जॉन्सन यांचा आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. ध्वनिवर्धकाच्या मदतीवाचून सतारीची मींड शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावी, हा त्यामागील आग्रह. त्यानंतर भाभांनी मोठ्या सभागृहाचा ध्यास घेतला. ते पूर्ण होत आले असतानाच १९९७ साली त्याला आग लागली. पुष्कळ माणसे अशा वेळी विम्याची रक्कम घेऊन स्वस्थ बसली असती. ते सभागृह पुन्हा बांधले गेले, १९९९ साली खुले झाले, आणि आज ते जमशेद भाभा यांच्याच नावाने ओळखले जाते. अकराशेहून अधिक आसने, खाली वादकांसाठी खंदक, आणि प्रवेश करताच समोर येणारा भव्य संगमरवरी जिना. हा जिना सभागृहाहून शतकाने तरी मोठा आहे. मलबार हिलवरील पेटिट कुटुंबाच्या जुन्या वाड्यातून तो येथे आणून बसवलेला आहे. मुंबईत वाडे पाडले जाणे ही काही बातमी नव्हे. एखादा जिना वाचतो, ही बातमी.

मैफल साधारणतः सायंकाळी सातच्या सुमारास सुरू होते. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांना ही वेळ एका परीने सोयीचीच: सूर्यास्तापूर्वी घरी जेवून निघावे, समुद्रावरचा शेवटचा उजेड पाहावा आणि आत जावे, मध्यंतरातील खाद्यपदार्थांचा प्रश्नच उरत नाही. फेब्रुवारी आणि सप्टेंबर हे येथील वाद्यवृंदाचे दोन ठळक हंगाम. सप्टेंबरचा हंगाम चातुर्मासात येतो आणि कित्येकदा पर्युषणाला चिकटूनच असतो, म्हणून अशा घरांतील श्रोते बहुधा फेब्रुवारीत दिसतात.

पडदा वर गेल्यावर नवख्याला प्रथम ऐकू येतो तो गोंधळ. प्रत्येक वादक आपापले काही वाजवत असतो. मग ओबो नावाच्या, आपल्या सनईच्या दूरच्या नातेवाईक म्हणावे अशा वाद्यातून एकच लांब स्वर निघतो आणि सगळे वाद्ये त्या स्वराशी जुळवून घेतात. आपल्याकडे तंबोरा आधी लागतो आणि शेवटपर्यंत सोबत राहतो. तेथे तो स्वर एकदाच दिला जातो आणि पुढे ज्याचा त्याने सांभाळायचा असतो. वाद्यवृंद-संचालक येतो, टाळ्या होतात, शांतता पसरते. रचनेचे तीन-चार खंड असतील तर त्यांच्या मधल्या विरामात टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा संकेत आहे. मुंबईचा श्रोता तो हमखास मोडतो. त्याबद्दल पुढच्या रांगांतून नाके मुरडली जातात खरी. पण समेवर दाद देण्यात वाढलेल्या माणसाला मूक बसवणे हे जरा कठीणच काम आहे.

व्यापारी दृष्टीने पाहिले, तर रंगमंचावर मांडलेला हा संसार म्हणजे देशोदेशींच्या मालाची वखारच. व्हायोलिनच्या पोटाची पातळ फळी स्प्रूस नावाच्या लाकडाची. इटलीतील फिएम्मे खोऱ्यातील जंगलांचे स्प्रूस स्त्रादिव्हारीच्या काळापासून नावाजलेले. गज उत्तम हवा तर लाकूड ब्राझीलच्या किनाऱ्यावरील पेर्नांबुको वृक्षाचे. याच जातीच्या लाल लाकडाच्या व्यापारावरून त्या देशाला ब्राझील हे नाव मिळाले. मालाने देशाला नाव दिल्याची अशी उदाहरणे थोडी. क्लॅरिनेट आणि ओबो यांचे काळेभोर लाकूड टांझानिया आणि मोझांबिककडून येते. त्यांच्या तोंडाची पत्ती ज्या बोरूची, तो दक्षिण फ्रान्समधील व्हार भागात पिकतो. झांजांची सर्वांत प्रसिद्ध पेढी १६२३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये झिल्जियन नावाच्या आर्मेनियन घराण्याने सुरू केली. पुढे ती अमेरिकेत गेली आणि आजही त्याच नावाने चालते. चार शतके एकाच मालात टिकलेली पेढी! व्हायोलिनच्या खुंट्यांसाठी पुष्कळदा भारतीय शिसवी लाकूड वापरतात. ही झाडे तोडून तोडून कमी झाली, म्हणून पेर्नांबुको आणि शिसवी या दोहोंच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता निर्बंध आहेत.

येथे जैन घरांत एक प्रश्न हमखास निघतो, विशेषतः मूल व्हायोलिन शिकायचे म्हणते तेव्हा. त्याचे उत्तर सरळ द्यावे हे बरे. पूर्वी या वाद्यांच्या तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. आज बहुतेक वादक पोलादी किंवा कृत्रिम धाग्याच्या तारा वापरतात. पियानोच्या पट्ट्यांवरील हस्तिदंत जाऊन तेथे प्लास्टिक आले. गजाचे केस मात्र अजून बहुधा घोड्याच्या शेपटीचेच असतात, जरी कृत्रिम केसांचे गजही मिळतात. आणि आपल्या तबल्याची पुडी चामड्याची असते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

माल असा जगभरातून गोळा झाला, संगीतही तसेच. त्यातील काही रचना तर थेट व्यापाऱ्यांविषयीच आहेत, आणि त्यांतील एकीचा हिऱ्यांशी संबंध आहे. रशियन संगीतकार निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह यांची 'साद्को' ही संगीतिका १८९८ साली मॉस्कोत प्रथम सादर झाली. साद्को हा नोव्हगोरोद शहरातील गुस्ली नावाचे तंतुवाद्य वाजवणारा गायक. पुढे तो श्रीमंत सौदागर होतो. जहाजे सज्ज करून तो बंदरात उभा आहे आणि कोणत्या देशी जावे हे ठरवण्यासाठी परदेशी व्यापाऱ्यांना आपापल्या देशाचे वर्णन करायला सांगतो. जुन्या रशियन भाषेत अशा सौदागराला 'गोस्त' म्हणत. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ पाहुणा. एकामागून एक तीन पाहुणे गातात. उत्तरेकडचा वॅरेंजियन आपल्या खडकांचे आणि करड्या समुद्राचे गाणे जड, खालच्या आवाजात म्हणतो. व्हेनिसचा व्यापारी आपल्या शहराची स्तुती करतो. आणि मधला, भारतीय व्यापारी, दगडी गुहांतील अगणित हिरे आणि दक्षिण समुद्रातील अगणित मोती यांविषयी गातो.

हे गाणे संगीतिकेतून सुटून जगभर फिरले. व्हायोलिनवर, संपूर्ण वाद्यवृंदावर, पुढे अमेरिकेतील नृत्यसंगीताच्या बँडवरही ते वाजले. त्याची चाल हळूहळू, अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली घसरत येते, जणू उष्ण दुपारी कोणी गुंगीत बोलते आहे. ती सुंदर आहे, यात संशय नाही. पण कोणताही भारतीय श्रोता ती दोनदा ऐकून सांगेल की यात आपला एकही राग नाही. रिम्स्की-कोर्साकोव्ह भारतात कधी आले नव्हते. तरुणपणी ते रशियन आरमारात होते आणि १८६२ ते १८६५ या काळात ज्या जहाजावरून त्यांनी सफर केली त्याचे नाव 'अल्माझ'. रशियन भाषेत याचा अर्थ हिरा. ते जहाज इंग्लंडला गेले, न्यूयॉर्कला गेले, रिओला गेले. हिऱ्यांच्या देशाकडे मात्र वळले नाही. त्यांनी ऐकवला तो युरोपच्या कल्पनेतील भारत. कथेतही त्या भारतीय व्यापाऱ्याचे निमंत्रण स्वीकारले जात नाही. साद्को व्हेनिसला जातो.

अलेक्झांडर बोरोदिन यांची 'मध्य आशियाच्या माळरानावर' ही १८८० सालची रचना तर एका काफिल्याचेच चित्र आहे. बोरोदिन व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. संगीतासाठी सवड मिळेल तेव्हा. व्हायोलिनचा एक अतिशय उंच स्वर बराच वेळ तसाच टांगून राहतो आणि सपाट, अंत नसलेले माळरान समोर येते. दुरून एक रशियन चाल ऐकू येते. मग उंटाघोड्यांच्या टापांसारखा तारांचा ठेका, आणि पूर्वेकडची एक लांबलचक, आर्त धून. काफिला जवळ येतो, पुढून जातो, दूर नाहीसा होतो. शेवटी दोन्ही चाली एकमेकींवर चढवून एकाच वेळी वाजवल्या जातात, आणि त्या चपखल बसतात. सात-आठ मिनिटांत हे सारे संपते. बोरोदिनच्या कल्पनेत या काफिल्याच्या संरक्षणाला रशियन सैनिक आहेत. ही रचना झारच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी लिहिलेली होती. व्यापाराच्या मागोमाग सैन्य, की सैन्याच्या मागोमाग व्यापार, हा प्रश्न ईस्ट इंडिया कंपनी पाहिलेल्या देशाला नवा नाही. त्या दोन चाली इतक्या सहज जुळतात, हेच काहीसे संशयास्पद वाटते.

योगायोग असा, की मुंबईच्या वाद्यवृंदाचे पहिले वादक याच माळरानाच्या मुलखातून आले. एनसीपीएचे खुशरू सनटूक यांनी २००४ साली लंडनमध्ये कझाख व्हायोलिनवादक मारात बिसेंगालिएव्ह आणि त्यांचा वेस्ट कझाखस्तान फिलहार्मॉनिक ऐकला. त्या भेटीतून २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. देशाच्या नावाचा वाद्यवृंद, पण खुर्च्यांवर बव्हंशी परदेशी वादक. हंगामापूर्वी विविध देशांतून ते मुंबईत उतरतात, तालीम करतात, वाजवतात आणि परत जातात. कायम मुंबईत राहणारे वादक आहेत, त्यांत भारतीयही आहेत. पण संपूर्ण वाद्यवृंद भरून निघेल इतके नाहीत. यावर टीका होते आणि ती अगदीच अनाठायी नाही. नाव भारताचे आणि हात परक्यांचे, याला काय म्हणावे?

तरीही या शहराला स्वतःचे हात कधी नव्हते असे मुळीच नाही, आणि खरी खंत तेथे आहे. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. त्यांचा मुलगा झुबिन त्यानंतर वर्षभराने मुंबईतच जन्मला. त्या काळी वादकांचा मोठा भरणा गोव्याचा असे. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडलेल्या शाळांतून 'मेस्त्री' मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मुले मोठी होऊन मुंबईला येत, धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडां'त, म्हणजे सामायिक निवासांत, पथारी टाकत आणि हॉटेलांत, मूकपटांच्या थिएटरांत, पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवत. हिंदी चित्रपटगीतांमागे जो व्हायोलिनांचा दाट पडदा ऐकू येतो, तो प्रामुख्याने यांचा. चाल संगीतकाराची, तिच्यासाठी वाद्यमेळ कागदावर उतरवून देणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय संयोजक. नामावलीत त्यांची नावे क्वचितच येत.

यांतील गोन्साल्विस यांनी एक धाडस केले. मजोर्डा गावचा हा व्हायोलिनवादक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९५८ साली त्यांनी स्वतःचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, रागांवर आधारित रचना लिहिल्या आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्या सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पश्चिमेच्या संगीतकाराने कल्पनेतून रेखाटलेला भारत नव्हे, तर त्याच वाद्यांतून खरा राग ऐकवावा, हा तो प्रयत्न होता. तो टिकला नाही. मागे पैसा नव्हता, संस्था नव्हती. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले. परतल्यावर २०१२ साली निधन होईपर्यंत मजोर्ड्यातच राहिले. आज देशाला त्यांचे नाव ठाऊक आहे ते 'अमर अकबर अँथनी' या १९७७ च्या चित्रपटातील एका विनोदी गाण्यामुळे. शिष्याने गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. पुढे सिंथेसायझर आला. एका माणसाच्या दहा बोटांखाली चाळीस व्हायोलिने वाजू लागली आणि ध्वनिमुद्रण कक्षांतील खुर्च्या रिकाम्या झाल्या. बापाने मुलाच्या हाती गज द्यावा, असे कारण उरले नाही. एका पिढीने धंदा सोडला आणि तिच्याबरोबर कसबही गेले. म्हणूनच २००६ साली वाद्यवृंद उभारताना तो कझाखस्तानातून आणावा लागला.

वाद्यवृंदाचे अर्थकारणही मोठे विचित्र आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली ते स्पष्ट मांडले. कारखान्यात यंत्र आले की कमी माणसांत जास्त माल निघतो. पण बीथोव्हेनची सिंफनी त्याच्या काळी जितक्या माणसांना जितका वेळ लागे, तितक्याच माणसांना तितकाच वेळ आजही लागतो. बाकी सगळीकडे पगार वाढतात, तसे येथेही वाढतात. उत्पादन मात्र तेवढेच. त्यामुळे जगातील मोठे वाद्यवृंद केवळ तिकिटांवर चालत नाहीत. कोठे सरकार, कोठे नगरपालिका, कोठे दानशूर घराणी तूट भरतात. मुंबईत आजवर हा भार प्रामुख्याने पारशी दातृत्वाने आणि टाटांच्या न्यासांनी उचलला. धर्मशाळा, पांजरपोळ, रुग्णालये, ग्रंथभांडारे यांच्यासाठी ज्यांचा हात कधी आखडला नाही, त्या जैन पेढ्यांना हे क्षेत्र अजून बरेचसे परके आहे. त्यात दोष काढण्यासारखे काही नाही. ओळखच उशिरा झाली आहे.

ओळख करून देणारी एक रचना याच सभागृहाने घडवली. या वाद्यवृंदाने उस्ताद झाकिर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठी एक रचना लिहवून घेतली. 'पेशकार' या नावाची ही रचना सप्टेंबर २०१५ मध्ये मुंबईत प्रथम सादर झाली. पेशकार म्हणजे एकल तबलावादनाच्या प्रारंभी विस्ताराने मांडला जाणारा प्रकार. अक्षरशः, सादर करणे. यातील अडचण साधी नव्हती. वाद्यवृंदातील प्रत्येक स्वर आधी कागदावर लिहिलेला असतो. तबलजी जे वाजवतो त्यातले पुष्कळसे त्या क्षणी सुचलेले. ऐंशी माणसांना समेवर आणायचे, तर त्यांना मात्रा मोजून द्याव्या लागतात; आणि मोजून दिल्या की तबल्याचा श्वास कोंडतो. उस्तादांनी वाट काढली. तबल्याचे बोल आधी वाद्यवृंदाच्या तोंडी दिले. व्हायोलिने, पितळी वाद्ये, नगारे तबल्याच्या भाषेत बोलू लागतात, आणि मग तबला त्यांना उत्तर देतो. २०१६ साली स्वित्झर्लंडच्या आणि २०१९ साली ब्रिटनच्या दौऱ्यावर हा वाद्यवृंद हीच रचना घेऊन गेला. 'साद्को'तील भारतीय पाहुण्याला शतकाहून अधिक काळानंतर स्वतःच्या बोलीत बोलायला मिळाले, असे म्हणायला हरकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये झाकिर हुसेन गेले. रचना कागदावर आहे; त्या जागी बसणारे हात दुसरे शोधावे लागतील.

केंद्राच्या आवारातच वाद्यवृंदाची संगीतशाळा आहे. लहान वयापासून, रशियन पद्धतीच्या काटेकोर शिस्तीने तेथे मुलांना वाद्य, स्वरलेखन आणि समूहवादन शिकवतात. शिकवणारे बरेचसे वाद्यवृंदातलेच. व्हायोलिनवादक तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात, तीही रोजच्या रियाजाची, म्हणजे या कामाची पहिली पिके आता कोठे हाती येऊ लागली आहेत. वाद्यवृंदात दोन व्हायोलिनवादकांत मिळून एक स्टँड असतो. आतल्या बाजूचा पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. नव्या वादकाला बहुधा मागच्या स्टँडवर, आतल्या बाजूला जागा मिळते. फेब्रुवारीचा हंगाम संपतो, परदेशी वादक आपापल्या देशांची विमाने पकडतात आणि मोठ्या सभागृहातील ते स्टँड घडी करून ठेवले जातात. शाळेच्या खोल्यांतून दुपारी चारच्या सुमारास अर्ध्या आकाराच्या व्हायोलिनांवरचे सप्तक पुन्हा ऐकू येऊ लागते. बरेचसे बेसूर, अधूनमधून नेमके.